ध्वनिचित्रमुद्रित मुलाखतीतील तयारीचा अवधी

ध्वनिचित्रमुद्रित मुलाखतीतील तयारीचा अवधी म्हणजे नोकरीच्या मुलाखतीचा प्रश्न पडद्यावर उमटल्यापासून उत्तराचे मुद्रण सुरू होईपर्यंत उमेदवाराला मिळणारा वेळ होय. या प्रकारात मुलाखतकार समोर नसतो. उमेदवार संगणकाच्या किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे पाहून उत्तर देतो व निवडकर्ते ते मागाहून पाहतात. हा अवधी बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपास, तर उत्तराची मर्यादा एक ते तीन मिनिटे असते. दोन्ही नोकरी देणारी संस्था ठरवते. उत्तर पुन्हा मुद्रित करण्याची मुभा काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते.

पूर्वपीठिका

थोडक्या वेळात विचार करून बोलण्याची कसोटी जुनीच आहे. महाविद्यालयीन उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धेत स्पर्धक चिठ्ठी उचलून काही वेळातच बोलण्यास उभा राहतो. सैन्यदलांच्या सेवा निवड मंडळापुढे उमेदवाराला विषयांचे कार्ड मिळते. त्यातील एक निवडून ३ मिनिटांत तयारी व पुढील ३ मिनिटांत भाषण करावे लागते. आयेल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत १ मिनिट तयारीचे, १ ते २ मिनिटे बोलण्याची असतात. मात्र या सर्व ठिकाणी श्रोता समोर असतो. मुद्रित मुलाखतीत मान डोलावणारे वा प्रश्न उलगडून सांगणारे कोणीच नसल्याने प्रश्नाचा रोख चुकल्यास सारे उत्तर वाया जाते.

अवधीचा उपयोग

अर्ध्या मिनिटात वाक्ये रचून होत नाहीत. प्रसंग मात्र निवडता येतो. प्रश्न दोनदा वाचून त्यातील क्रियापद (सांगा, तुलना करा, कारण द्या) हेरावे, एकच प्रसंग ठरवावा आणि कागदावर तीन-चार शब्द टिपावेत. उदाहरणार्थ, ‘सहकाऱ्यांतील मतभेद तुम्ही कसा मिटवला?’ या प्रश्नावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गेलेला विद्यार्थी ‘बंधारा, वाद, पाळ्या, पूर्ण’ एवढेच लिहील. श्रमदानाच्या वेळेवरून दोन गटांत पडलेली फूट, त्याने लावलेल्या पाळ्या आणि पुरे झालेले काम हा क्रम त्या चार शब्दांत आला. पूर्ण वाक्ये लिहिणाऱ्याची नजर कागदावर खिळते, आणि वाचून दाखवलेले उत्तर पाहणाऱ्याला लगेच ओळखू येते.

पॉलीन फॉस्टर व पीटर स्केहन यांच्या १९९६ मधील अभ्यासात, आधी नियोजन करणाऱ्या इंग्रजी शिकणाऱ्यांचे बोलणे अधिक ओघवते आढळले. त्यांना दिलेली १० मिनिटे मुलाखतीत मिळत नाहीत, हे खरे. पण त्यातील एक निष्कर्ष येथे लक्षणीय आहे. ज्यांना नियोजनाच्या तपशीलवार सूचना दिल्या नव्हत्या, त्यांची भाषा सर्वांत बिनचूक होती.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

यवतमाळ येथील जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आणि पुसद येथील बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय ही जिल्ह्यातील तंत्रशिक्षणाची केंद्रे आहेत. पुणे-मुंबईच्या प्राथमिक मुलाखतीसाठीचा प्रवास व मुक्कामाचा खर्च मुद्रित मुलाखतीमुळे वाचतो. परंतु घरी वऱ्हाडी, गोरबोली, गोंडी वा कोलामी बोलणाऱ्या उमेदवाराला प्रश्न बहुधा इंग्रजीत येतो आणि मिळणाऱ्या सेकंदांचा मोठा भाग भाषांतरातच सरतो. अशा वेळी टिपणाचे शब्द घरच्या बोलीत लिहिणे सोयीचे ठरते, कारण आठवण त्याच भाषेत असते. उत्तराचे पहिले वाक्य तेवढे इंग्रजीत मनाशी ठरवावे.

सैन्यदलाच्या निवडीची तयारी करणाऱ्यांसाठी राज्य शासनाचे नाशिक येथे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आणि छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ मध्ये स्थापन झालेली सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे. मुद्रित मुलाखतीचा सराव मात्र घरीच मोबाइलवर करता येतो: दुसऱ्याने प्रश्न वाचावा, ३० सेकंद मोजावीत, मग मुद्रण सुरू करावे. प्रत्यक्ष मुलाखतीपूर्वी चार्जिंग, नेटवर्क व भारनियमनाची वेळ तपासावी. सूचनांचे पान शांतपणे वाचावे, कारण उलटमोजणी सहसा प्रश्न उघडल्यावरच सुरू होते.