जादा वेळ म्हणजे फुकटचे गुण नव्हेत

नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत आठवी-नववीच्या वर्गात असा एखादा मुलगा असतोच. वाडीत किती नारळ उतरले आणि शेकडा काय भावाने गेले, याचा हिशेब तो तोंडी चोख सांगतो; वहीत मात्र 36 चे 63 करतो. विज्ञानातला प्रश्न तोंडी विचारला तर उत्तर देतो, लिहायला सांगितले की पान अर्धे कोरे राहते. घरी आणि शाळेत त्याच्याबद्दल ठरून गेलेले असते, की पोरगा आळशी आहे, नाहीतर डोक्याने कमी आहे. ही दोन्ही मते चुकीची असू शकतात. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली आहे, शिकायची संधीही मिळाली आहे, तरी वाचन, लेखन किंवा आकडेमोड वयाच्या मानाने फार मागे राहते, तेव्हाच अध्ययन अक्षमतेचे निदान होते. 1995 च्या अपंग कायद्यात तिला जागा नव्हती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि त्यांत तिचा समावेश झाला.

हे इंग्रजी माध्यमाचे, शहरातल्या मुलांचे दुखणे आहे, असेही ठामपणे सांगितले जाते. मराठी बोलतो तशी लिहिली जाते, मग अडेल कशाला, हा त्यामागचा तर्क. देवनागरी जवळून पाहिली तर तो टिकत नाही. ‘कि’ म्हणताना आधी क येतो आणि मग इ, पण कागदावर वेलांटी क च्या आधी बसते. ‘सूर्य’ मध्ये र चा उच्चार य च्या आधी होतो, पण रफार य च्या डोक्यावर चढतो. ज्या मेंदूला आवाज आणि चिन्ह यांची सांगड घालायला कष्ट पडतात, त्याला इथेही ठेच लागते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात निरनिराळ्या भाषांतल्या आणि संस्कृतींतल्या शाळकरी मुलांमध्ये अध्ययन अक्षमतेचे प्रमाण 5 ते 15 टक्के दिले आहे. कमीत कमी आकडा धरला तरी चाळीसच्या वर्गात दोन मुले होतात. शिवाय हे वयाबरोबर निघून जात नाही. 2007 च्या ‘तारे जमीन पर’ चित्रपटामुळे डिसलेक्सिया, म्हणजे वाचनातली अक्षमता, हा शब्द घरोघरी गेला, पण हा लहान मुलांचा प्रश्न आहे, अशी समजूतही सोबत राहिली. मोठेपणी वाचन बरेचसे बिनचूक होऊ शकते, वेग मात्र कमीच राहतो. आणि माध्यमिक शाळेत तर तीन भाषा, बीजगणित-भूमिती आणि पानभर उत्तरे एकदम अंगावर येतात.

सगळ्यात घट्ट गैरसमज परीक्षेतल्या सवलतींचा आहे. या मुलांना महाराष्ट्राने 1996 पासून दहावीला सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, अशा त्या आहेत. बाकीच्या मुलांवर हा अन्याय नाही का, हा प्रश्न पालक विचारतात आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. इतिहासाचा पेपर इतिहास किती कळला हे पाहण्यासाठी असतो, हात किती भरभर चालतो हे पाहण्यासाठी नाही. ज्याला उत्तर येत नाही, त्याला तासभर जास्त दिला तरी ते येणार नाही. ज्याला येते पण लिहून पुरे होत नाही, त्याचा अडसर तेवढा दूर होतो. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याने कुणाचे गुण पळवले, असे आपण म्हणत नाही. 2021 मध्ये लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला मुंबईतल्या केंद्रावर नीट परीक्षेत तासाभराचा जादा वेळ नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो तिचा हक्क होता, असे स्पष्ट केले.

खोटी प्रमाणपत्रे काढली जातात, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पण सारा मामला दहावीच्या तोंडावर एका कागदापुरता उरतो म्हणूनच खोटेपणाला वाव मिळतो. सहावी-सातवीपासूनच्या वह्या, शिक्षकांच्या नोंदी आणि वर्गात केलेले प्रयत्न शाळेकडे असतील, तर आयत्या वेळी आणलेला कागद लगेच उघडा पडेल, आणि खरी गरज असलेल्या मुलाची तपासणीही सोपी होईल. अशी लवकर सुरुवात करणे नागावच्या पालकाला विशेष महत्त्वाचे आहे. तपासणीला डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक लागतात आणि एका फेरीत काम होत नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयापर्यंत जायचे तर अलिबाग, मांडवा, लाँच, गेटवे आणि पुढे लोकल. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद, मग पेण-पनवेलचा रस्ता. दर फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. दहावीचे वर्ष या धावपळीसाठी नाही.

एवढ्या मोठ्या वर्गात एकेकाकडे कसे बघायचे, असे शिक्षक म्हणतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच माध्यमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण ठरवून दिले. ते शिक्षक मागायलाच हवेत. पण फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावण्याऐवजी टिपणाची झेरॉक्स देणे, प्रश्न एकदा मोठ्याने वाचून दाखवणे, घटक चाचणीत काही उत्तरे तोंडी घेणे आणि अशा मुलाला सगळ्या वर्गासमोर उभे करून धडा वाचायला न लावणे, यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. अशी मुले लवकरात लवकर ओळखून त्यांना साजेसे शिकवणे ही अनुदानित असो वा मान्यताप्राप्त, प्रत्येक शाळेची जबाबदारी आहे. ती 2016 च्या कायद्याच्या कलम 16 मध्ये लिहिलेली आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी सातवी-आठवीत असेल आणि वर सांगितलेले ओळखीचे वाटत असेल, तर त्याच्या वह्या घेऊन येत्या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा आणि तपासणीसाठी लेखी अर्ज द्या.