सांधा हाताला कळला पाहिजे

रूळ जिथे फुटून दोन वाटा होतात, त्या जागेला मराठीत सांधा म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला सांधेवाला. लहानपणी मिरजेला आजोळी गेलो की मी स्टेशनाच्या कुंपणाशी उभा असायचो. तेव्हा तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ होते. केबिनमधला माणूस दोन्ही हातांनी खटका खेचायचा, जमिनीलगतचे लोखंडी दांडे सरसर सरकायचे आणि लांब कुठेतरी रुळाची जीभ ठक्कन जाऊन टेकायची. खटका पुरता बसला की त्या माणसाचे खांदे सैल पडत. गाडीला वाट मिळाली हे त्याला डोळ्यांआधी हातांना कळत असे.

आज माझ्या घरी 8 बाय 4 फुटांच्या प्लायवर एचओ मापाची रेल्वे आहे. या मापात सगळं खऱ्याच्या 87व्या हिश्शाचं असतं आणि दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. माझ्या मांडणीत सात सांधे आहेत. सुरुवातीला त्यांना विकतच्या विजेच्या मोटरी लावल्या होत्या. त्या मोटरीत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. बटण क्षणभरच दाबायचं असतं. बोट जास्त वेळ राहिलं तर गुंडाळी जळते. माझ्या दोन जळल्या. पण मन उडालं ते निराळ्याच कारणानं. बटण दाबल्यावर टेबलाखाली खाडकन आवाज यायचा, आणि जीभ खरंच रुळाला टेकली की नाही हे वाकून बघावं लागायचं. हाताला काहीच कळत नव्हतं.

म्हणून मोटरी काढल्या आणि हातानं ओढायचे दांडे केले. सामान सगळं आपल्याच बाजारातलं: सायकलचे स्पोक, मोठ्या खुंटीचे स्लाइड स्विच, पडदा अडकवायचे गोल आकडे, वायरिंगची कनेक्टर पट्टी आणि 0.8 मिलिमीटर जाडीची पियानो वायर.

रचना अशी. सांध्याच्या दोन्ही जिभा एका प्लास्टिकच्या पट्टीनं जोडलेल्या असतात. त्या पट्टीच्या बरोबर खाली प्लायला आठ मिलिमीटरचं भोक पाडायचं. भोकाखाली दोन लाकडी गुटक्यांवर स्लाइड स्विच बसवायचा, खुंटी वरच्या अंगाला. खुंटीत दोन भोकं हवीत: एक पियानो वायरसाठी, दुसरं स्पोकच्या वाकड्या टोकासाठी. ही भोकं यंत्राच्या ड्रिलनं पाडू नका, प्लास्टिक वितळून चिकटतं. बारीक बिट हाताच्या पकडीत धरून सावकाश फिरवायचं. वायर खुंटीतून उभी वर जाते आणि पट्टीच्या भोकात शिरते. स्पोक गोल आकड्यांमधून आडवा टेबलाच्या कडेपर्यंत येतो. त्याला एका टोकाला बाक असतो, दुसऱ्या टोकाला आटे. बाकाचं डोकं कानशीनं घासलं की तो खुंटीत बसतो, आट्यांवर मूठ फिरवता येते. हे काम करताना मला नेहमी वाटतं, स्पोक जणू यासाठीच घडवलाय.

सांध्यात मूळची एक बारीक स्प्रिंग होती, ती काढून टाकली. स्विचला स्वतःची खाच असते. स्प्रिंग आणि खाच दोन्ही ठेवल्या तर दोघी वेगवेगळ्या क्षणी उडी मारतात आणि हाताला गोंधळलेला धक्का बसतो. एकच स्वच्छ ‘टक’ हवा.

खरी परीक्षा पियानो वायरची. माझ्या सांध्याच्या जिभा जेमतेम तीन मिलिमीटर सरकतात, स्विचची खुंटी मात्र पाच. वरचे दोन मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला एकेक, कुठेतरी जिरायला हवेत. ते या उभ्या वायरनं थोडं वाकून जिरवायचे. आणि वाकलेली वायर सरळ व्हायला बघते, म्हणून जीभ रुळावर दाबून राहते. मी पहिल्यांदा 1.2 मिलिमीटरची वायर घातली, मजबूत असावी म्हणून. तीन दिवसांत प्लास्टिकची पट्टी तुटली. मग गिटारची सर्वांत बारीक तार लावली. ती इतकी लवचीक की जीभ रुळाशी सैल राहिली, आणि इंजिनाची पुढची चाकं एका वाटेनं गेली, मागची दुसऱ्या. तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो: जाडी दुप्पट केली तर ताठपणा सोळापट. 1.2 ची वायर 0.8 च्या पाचपट ताठ होती, हे गणित मी नंतर मांडलं. आधी मांडलं असतं तर एक सांधा वाचला असता.

खऱ्या रेल्वेलाही हीच अडचण वेगळ्या रूपात सोसावी लागते. केबिनपासून सांध्यापर्यंतचे लांबच लांब दांडे उन्हात वाढतात, थंडीत आखडतात. म्हणून मध्ये अशी क्रँक बसवतात की एका बाजूची वाढ दुसऱ्या बाजूच्या वाढीनं कटते. माझ्या फूट-दीड फुटाच्या दांड्यांना ते लागत नाही. पण लांबी नेमकी जुळवणं लागतंच, आणि तिथे कनेक्टर पट्टी कामी येते. तिच्यातला पितळी तुकडा बाहेर काढला की दोन स्क्रूंचा सांधणारा तुकडा हाती येतो. त्यात दोन स्पोकची टोकं घालायची, अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे करायचं आणि स्क्रू आवळायचे.

रूळ टेबलाच्या कडेला समांतर असले तर दांडा सरळ ओढता येतो. माझे दोन सांधे कोपऱ्यात आहेत, तिथे ओढ वळवावी लागली. जुन्या सर्किट बोर्डाचे त्रिकोणी तुकडे कापून क्रँक केल्या. दांड्याकडची भुजा 30 मिलिमीटर, स्विचकडची 20. त्यामुळे मूठ साडेसात मिलिमीटर खेचली की खुंटी पाच सरकते आणि हाताला जोरही कमी लागतो.

स्विच फक्त खाचेसाठी घेतलेला नाही. दोन वाटांचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या बेचक्याला, म्हणजे फ्रॉगला, एका वाटेसाठी एका रुळाची वीज लागते, दुसरीसाठी दुसऱ्या. स्विचच्या सहा टोकांपैकी एका ओळीच्या मधल्या टोकाला फ्रॉगची तार आणि दोन्ही कडांना दोन रूळ जोडले की सांध्याबरोबर वीजही बदलते. कडेच्या तारा उलट लागल्या तर गाडी फ्रॉगवर येताच शॉर्ट होतो. तेव्हा डाग देण्याआधी मीटर लावून बघा. दुसऱ्या ओळीवर मी लाल आणि हिरवा एलईडी जोडला आहे, 12 व्होल्टला प्रत्येकी एक किलोओहमचा रोध घालून.

भारतीय रेल्वेत सांध्याची एक तपासणी असते. जीभ आणि रूळ यांच्यामध्ये पाच मिलिमीटरचा तुकडा ठेवून खटका फिरवतात. सांधा कुलूपबंद होता कामा नये. माझ्या मापात हे पाच मिलिमीटर म्हणजे 0.06 मिलिमीटरहूनही कमी, वहीच्या कागदापेक्षा पातळ. मी कागदाची पट्टी जीभ आणि रुळाच्या मध्ये धरतो, सांधा बंद करतो आणि पट्टी ओढून बघतो. ती फाटेल पण निघणार नाही, इतका दाब हवा. दोन्ही बाजूंनी, प्रत्येक सांध्याला, पन्नास-पन्नास वेळा. हे कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. रूळ खडी टाकून पक्के झाले की खाली हात घालून दुरुस्ती करणं फार जिवावर येतं.

पहिल्या पावसाळ्यात सगळे दांडे जड झाले. दांडे जिच्यातून बाहेर येतात ती टेबलाच्या कडेची दर्शनी पट्टी एमडीएफची होती. ती दमटपणानं फुगून भोकं आवळली गेली. भोकं मोठी करून प्रत्येकात प्लास्टिक नळीचा तुकडा बसवला. त्यानंतरचे दोन पावसाळे बिनतक्रार गेले.

मुठींना रंग केबिनमधल्या खटक्यांचे दिले आहेत. तिथे सांध्याचा खटका काळा असतो, कुलपाचा निळा, थांब्याच्या सिग्नलचा लाल आणि राखीव खटका पांढरा. माझ्या पट्टीवर सात काळ्या मुठी आहेत. आठवी पांढरी आहे, मालधक्क्याची मार्गिका अजून व्हायची आहे म्हणून.