सोसण्यालाही हद्द असते!

पोळ्या लाटता लाटता तव्याचा चटका बसतो. आपण हात झटकन मागे घेतो आणि मग तोंडातून 'आई गं' निघतं. हाच क्रम का, ठाऊक आहे? हात मागे घेण्याचा हुकूम पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्पर देतो. मेंदूला खबर जाते ती नंतर!

ही खबर नेणाऱ्या चेतापेशी मज्जारज्जूच्या मागच्या भागात असतात. कातडीकडून आलेला निरोप त्या वर धाडतात. त्याची एक वाट दुखतंय कुठे, हे सांगते. दुसरी मेंदूच्या देठाशी, म्हणजे ब्रेनस्टेमशी जाते आणि तिथून भीती, अस्वस्थपणा, झोप सांभाळणाऱ्या भागांकडे वळते. म्हणूनच दाढ ठणकते तेव्हा नुसती दाढ दुखत नाही. झोप उडते, जेवण नको होतं, मुलांवर उगाच ओरडलं जातं. 'हिचा स्वभावच चिडका' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

लेकराला लागलं की आपण ती जागा चोळतो. तो नुसता लाड नव्हे बरं का! रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडलं, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचा निरोप आला, की वेदनेसाठी ते थोडं मिटतं. मेंदूच्या देठाकडूनही 'आता पुरे' असा निरोप खाली येतो. लगीनघाईत कापलेलं बोट रात्री दुखायला लागतं, ते यामुळेच.

मात्र हेच निरोप सतत येत राहिले तर? क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवलं, की मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात. मग साधा स्पर्शही दुखतो. मूळ जखम भरली तरी दुखणं उरू शकतं.

आणि इथेच आपलं चुकतं. 'बाईच्या जातीला सोसावंच लागतं' हे ऐकत आपण मोठ्या होतो. कंबर, पोट, गुडघे दुखत राहतात आणि दवाखाना दिवाळीनंतर, मग परीक्षेनंतर, असा पुढे ढकलला जातो. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात, पण तितकं थांबायचं कशाला? जाताना चार गोष्टी लिहून न्या : कधीपासून, कुठे, कशाने वाढतं, झोपमोड होते का. 'मनाचे खेळ' म्हणून कुणी वाटेला लावलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. हृदयाचा आणि हाताचा निरोप मज्जारज्जूतल्या त्याच पेशींपाशी येतो, म्हणून हृदयाचं दुखणं हात, जबडा, पाठ इथेही जाणवतं. त्यासोबत दम लागला, घाम फुटला, मळमळलं, तर 'पित्त झालं असेल' म्हणून पडून राहू नका. घरच्यांना हाक मारा आणि तडक इस्पितळ गाठा. स्वयंपाक थांबला तर चालेल!