मातेचे श्रम आणि समाजाचे देणे

गाय विण्यापूर्वी सुमारे दोन महिने आपण तिला आटवितो. तिचा चारा सुधारतो, पेंड वाढवितो. हे शहाणपण शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु त्याच गोठ्यापलीकडील वावरात आठवा महिना लागलेली मजुरीण वाकून खुरपत असते, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गाईच्या विश्रांतीत आपला लाभ आहे, हे आपणांस दिसते. बाईच्या विश्रांतीचा खर्च मात्र आपण तिच्याच पदरात टाकून मोकळे होतो.

मातेची थोरवी गाण्यात आपला समाज कोणास हार जाणार नाही. पण स्त्रियांच्या हक्कांचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, मातृत्व हे श्रमही आहेत आणि स्तुती ही श्रमांची भरपाई होत नाही. मूल एका घरी जन्मते. पुढे त्याचे राबते हात साऱ्या समाजास मिळतात. फळ सर्वांचे आणि झीज एकटीची, हा हिशेब न्यायाचा नव्हे. इंग्लंडात एलिनॉर रॅथबोन यांनी १९२४ साली ग्रंथ लिहून हाच विचार मांडला. तेथे १९४५ साली कुटुंबभत्त्याचा कायदा झाला, तेव्हा पैसा बापाच्या हाती देण्याचा सरकारचा मूळ बेत होता. रॅथबोनबाईंनी झगडून तो आईच्या हाती देवविला.

आपल्याकडे हा प्रश्न त्याहून आधीच निघाला होता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतिभत्ता देण्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तिचा मोठा भार सरकारने उचलावा, पण जो मालक स्त्रीच्या श्रमांचा लाभ घेतो तोही अगदी मोकळा सुटत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवड्यांची झाली.

हा न्याय गिरणीत पोहोचला, पण शेताच्या बांधापाशी अडला. रोजंदारीच्या मजुरणीस रजा कोण देणार? ऊसतोडीस नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एक दिवस खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जातात. मग दिवस भरत आले तरी मोळी डोक्यावर राहते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने, सरकारी नोकरीतील स्त्रिया वगळता, प्रत्येक गर्भवतीस व स्तनदा मातेस किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात २०१७ च्या योजनेने पहिल्या अपत्यापुरते पाच हजार ठरविले. २०२२ पासून दुसरी मुलगी झाल्यास सहा हजारांची भर पडली.

येथे कोणी म्हणेल, “शेतीच परवडत नाही, त्यात हा खर्च कोठून करावा?” आक्षेप खोटा नाही. दोन एकरांच्या धन्याने हा भार एकट्याने वाहावा, असे कोणी म्हणत नाही. म्हणूनच मोठा वाटा सरकारकडे मागितला पाहिजे. परंतु काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. दिवस भरत आलेल्या बाईस वाकण्याचे व ओझ्याचे काम न देता, बियाणे निवडण्यासारखे बैठे काम त्याच मजुरीवर द्यावे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक सोपी तरतूद होती: कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली, की एका बाईस मजुरी देऊन त्यांच्या सांभाळास बसवावे. खुरपणीच्या टोळीतही हे सहज करता येईल. मग बांधावरच्या झोळीतील मुलाच्या रडण्याकडे कान ठेवून कोणत्याही आईस पात धरावी लागणार नाही.

आणि आपल्या घरची सून? तिची मजुरी कोणत्याही वहीत मांडली जात नाही. म्हणून तिचे श्रम नाहीत असे होत नाही. तीस विसावा देणे ही मेहेरबानी नव्हे. गाईची निगा आपण आपल्या लाभासाठी राखतो. मातेची निगा मात्र तिच्या हक्काने झाली पाहिजे. आपण तिचे देणेकरी आहोत.