रुपयाला दोन आणे

1920 पर्यंत अमेरिकेत सरकारी जमिनीखालचे तेल म्हणजे ज्याने आधी खुंट्या ठोकल्या त्याचा माल. सोन्याचांदीच्या खाणींसाठी केलेला 1872 चा कायदाच तेलालाही वापरत. ही धावाधाव पाहून राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी 1909 साली सुमारे 30 लाख एकर जमीन एका हुकुमाने रोखली. 1920 मध्ये खनिज भाडेपट्ट्याचा कायदा आला: जमीन सरकारची, विहीर कंपनीची आणि निघालेल्या तेलातला किमान आठवा हिस्सा स्वामित्वधन. आपल्या जुन्या हिशेबात, रुपयाला दोन आणे.

दोनच वर्षांत घोटाळा. अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री आल्बर्ट फॉल यांनी नौदलासाठी राखलेले वायोमिंगमधले टीपॉट डोम हे तेलक्षेत्र लिलावाविना तेल व्यावसायिक हॅरी सिंक्लेअरला दिले आणि कॅलिफोर्नियातले एल्क हिल्स दुसरा तेल व्यावसायिक एडवर्ड डोहेनीला. डोहेनीकडून एक लाख डॉलर काळ्या बॅगेतून रोख आले. फॉल तुरुंगात गेले. तीच लाच दिल्याच्या आरोपातून डोहेनी मात्र सुटला. घेणारा दोषी आणि देणारा निर्दोष, हे गणित मला अजून सुटलेले नाही.

पुढे बरीच वर्षे सरकार पट्टे चक्क सोडतीने वाटत होते, म्हाडाच्या घरांसारखे. फी भरा, अर्ज टाका, नशीब पाहा. डॉक्टर, दुकानदार, पेन्शनर, कुणीही अर्ज टाकी आणि नंबर लागला की पट्टा तेल कंपनीला विकून मोकळा होई. 1987 साली लिलाव सक्तीचा झाला खरा, पण बोली एकरी दोन डॉलरपासून, भाडे सुरुवातीला वर्षाला एकरी दीड. शिवाय लिलावात न खपलेली जमीन त्यानंतर बोलीविनाच उचलता येई. त्यामुळे तेलाची फारशी आशा नसलेली जमीनही सट्टेबाज दहा-दहा वर्षे अडवून ठेवत.

या सगळ्यात स्वामित्वधनाचा दर हलला नाही. टेक्सास राज्य स्वतःच्या जमिनीवर चार आण्यांपर्यंत घेत असताना वॉशिंग्टन दोन आण्यांवर शतकभर खूश होते. काम संपल्यावर विहीर बुजवण्यासाठी कंपनीने ठेवायच्या हमीचेही तेच: 1960 मध्ये ठरलेली पट्ट्यामागे किमान 10,000 डॉलरची रक्कम 2024 पर्यंत तशीच राहिली, मग एकदम दीड लाख झाली.

2022 मध्ये बायडन सरकारच्या कायद्याने नव्या पट्ट्यांचा दर सहाव्या हिश्शावर नेला, म्हणजे पावणेतीन आण्यांच्या आसपास. बोलीविना जमीन उचलण्याची सोयही बंद केली. ही वाढ तीन वर्षेही टिकली नाही. जुलै 2025 मध्ये नव्या कायद्याने दर पुन्हा दोन आण्यांवर आणला, आणि बोलीविना जमीन देणारी ती खिडकीही उघडली.