राजारामची पट्टी

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की ‘राजारामला किती झालं?’ हा प्रश्न ठरलेलाच. राजाराम म्हणजे कसबा बावड्याजवळचा, पंचगंगेवरचा बंधारा. तिथल्या पट्टीवर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. नदीकाठच्या माणसाला हे दोन आकडे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा अख्खा जिल्हा या एका आकड्याकडे डोळे लावून बसला होता.

पट्टी दिसायला अगदी साधी. तिचा शून्य समुद्रसपाटीपासून नेमका किती उंचीवर आहे, हे मात्र पक्के ठरलेले असते. पट्टी जरा खचली किंवा हलली, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. पाणी हिंदकळत असेल तर नोंद घेणारा लाटेचा वरचा आणि खालचा आकडा बघतो आणि मधला लिहितो. एरवी सकाळी आठची नोंद, पुरात तासातासाला. रात्री बॅटरीच्या उजेडात, भर पावसात. आता पुलांना रडारवर चालणारी स्वयंचलित यंत्रे लागली आहेत. तरी पुरात यंत्र बंद पडले की भिस्त याच माणसावर येते. त्याचे नाव कुठल्याच बातमीत येत नाही, याची मला खंत वाटते.

पातळी कळली म्हणून प्रवाह कळतोच असे नाही. प्रवाह मोजायचा तर नदीच्या रुंदीचे काल्पनिक पट्टे पाडतात. प्रत्येक पट्ट्याची खोली घेतात आणि पृष्ठापासून खोलीच्या सहा दशांशावर करंट मीटर सोडतात. पाण्याच्या जोराने त्याच्या वाट्या फिरतात आणि ठरावीक सेकंदांतल्या फेऱ्यांवरून वेग निघतो. पाणी खोल असेल तर दोन दशांश आणि आठ दशांश खोलीवरचे वेग घेऊन सरासरी काढतात. वेग गुणिले क्षेत्रफळ, मग सगळ्या पट्ट्यांची बेरीज. हा झाला विसर्ग. अशी मोजमापे वेगवेगळ्या पातळ्यांना घेऊन आलेख बनवतात. पुढे नुसत्या पातळीवरून विसर्ग काढता येतो तो या आलेखाच्या जोरावर. पुराने तळ खरवडला किंवा गाळ भरला की आलेख पुन्हा तपासावा लागतो.

शिरोळ तालुक्यात तर हा आलेखही अपुरा पडतो. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही; वरच्या राधानगरी धरणाचे दरवाजे मिटले तरी पाणी उतरत नाही. एकाच पातळीला दोन वेगळे विसर्ग असू शकतात, ते असे. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल महाराष्ट्र आणि कर्नाटक इतकी वर्षे भांडतात, त्याचा निवाडा व्हायचा तर तो अशाच नोंदींवर व्हायला हवा. भाषणांनी तो होणार नाही.

माझे खरे म्हणणे उन्हाळ्याबद्दल आहे. पावसाळा सरला की बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी बंधाऱ्यांची रांगच आहे. बरग्यांमागे पाणी तुंबते, पट्टीवर आकडा भरघोस दिसतो आणि नदी मात्र जवळजवळ उभी असते. गावांचे आणि शहरांचे सांडपाणी तिच्यात येतच राहते. ते विरळ करायला वाहते पाणी नाही, म्हणून विरघळलेला प्राणवायू घटतो, जलपर्णी पसरते आणि एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. काठावरच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. एप्रिलमध्ये ‘राजारामला किती?’ असे कुणी विचारत नाही. विचारले तरी फुटांतले उत्तर फसवेच ठरेल, कारण प्रश्न उंचीचा नसून वाहण्याचा आहे.

गंगेसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये किमान प्रवाह ठरवून दिला. हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्याखाली ऑक्टोबर ते मे सेकंदाला ३६ घनमीटर, जून ते सप्टेंबर ५७. हा आकडा पुरेसा आहे का, यावर वाद घालता येतो. पण वाद घालायला आकडा तरी आहे. पंचगंगेलाही वरच्या दोन पातळ्यांसोबत खालची एक धोका पातळी हवी, आणि ती फुटांत नको, क्युसेकमध्ये हवी. त्यासाठी बंधाऱ्यांच्या खाली, जिथे पाणी खरोखर वाहते तिथे, मार्च ते मे करंट मीटर उतरला पाहिजे. त्याच जागी, त्याच वेळी प्राणवायूही मोजला पाहिजे. पुराचे आकडे रोज छापून येतात, तसे हे आकडेही छापून आले पाहिजेत. म्हणजे कुठल्या बंधाऱ्याचे किती बरगे कधी काढायचे, हे मासे मरण्याआधी ठरवता येईल.