मनोऱ्याचा काना

‘मनोऱ्याचा काना गळला, दुसरी वेलांटी लागली, आता खाडीपलीकडचं गाव (३).’

कंसातला आकडा म्हणजे कोड्यातली तीन घरं. वाक्य पहिल्यांदा वाचलं की डोळ्यांपुढे किनाऱ्यावरचा एखादा पडका मनोरा येतो. वाचक तिथंच फसतो, आणि त्यानं फसावं हीच कोडं रचणाऱ्याची इच्छा असते. मनोरा कुठे पडलेला नाही. तो नुसता शब्द आहे. ‘मनोरा’तल्या ‘रा’चा काना काढा, त्याला दुसरी वेलांटी द्या: मनोरी. मालाडच्या मार्वे धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे आहे ते गाव. म्हणजे उत्तर दोनदा मिळालं, एकदा शब्दाची मोडतोड करून आणि एकदा सरळ अर्थानं.

इंग्रजीत अशा सूचकाला ‘क्रिप्टिक क्लू’ म्हणतात. मराठीत ‘गूढ’ म्हणता येईल, पण ‘कूट’ हा जुना शब्द जास्त नेमका बसतो. साध्या शब्दकोड्यात ‘खाडीकाठचं एक गाव’ एवढंच विचारतात आणि मग मढ, मार्वे, उत्तन, गोराई अशी सगळी गावं रांगेत उभी राहतात. कूट सूचकात दोन भाग असतात: एका टोकाला उत्तराचा अर्थ आणि उरलेल्या वाक्यात उत्तर घडवायची कृती. दोन्ही भाग एकाच शब्दापाशी आले तरच उत्तर खरं.

गंमत म्हणजे खुद्द मनोरीला जायच्याही ठळक वाटा दोन. मार्वेहून फेरीबोटीनं काही मिनिटांत खाडी ओलांडायची, नाहीतर दहिसर, भाईंदर, उत्तन, गोराई असा सगळा वळसा रस्त्यानं घालायचा. आणि हे गाव धारावी बेटावर आहे असं सांगितलं, तर नवखा माणूस सायन-माहीमकडे बघायला लागतो. मनोरी, गोराई आणि उत्तन ज्यावर वसली आहेत ते धारावी बेट वेगळं. कोडं रचणाऱ्याला असे शब्द आयते मिळतात: ऐकणाऱ्याच्या डोक्यात एक अर्थ पक्का बसलेला, आणि दुसरा तितकाच खरा.

कोकणात खाडी ओलांडणाऱ्या बोटीला ‘तर’ म्हणतात. त्यावरून हे सूचक: ‘जर असो वा नसो, खाडी ओलांडायला हवीच (२).’ इथे मोडतोड काहीच नाही. ‘जर’ची जोडीदार ती तर, आणि खाडीतली तीही तर. दोन अर्थ शेजारी ठेवायचे आणि मधला सांधा दिसू द्यायचा नाही, एवढंच रचणाऱ्याचं काम.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचं पहिलं कोडं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकात आलं. त्याला हे कुटिल वळण लागलं ते मात्र इंग्लंडात. एडवर्ड पॉइस मॅदर्स हे ‘ऑब्झर्व्हर’ साप्ताहिकात १९२६ पासून कोडी रचत, टोपणनाव ‘टॉर्किमाडा’. हेच मॅदर्स संस्कृत काव्याचेही रसिक. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चं त्यांनी केलेलं मुक्त इंग्रजी रूपांतर आजही वाचलं जातं. टॉर्किमाडा म्हणजे स्पॅनिश इन्क्विझिशनचा क्रूर मुख्य धर्माधिकारी. मॅदर्स यांच्यानंतर त्या जागी आलेल्या मॅकनट यांनी ‘झिमेनीझ’ हे नाव घेतलं आणि १९७२ पासून जोनाथन क्राउदर यांनी ‘अझेड’. तीही धर्माधिकाऱ्यांचीच नावं. सोडवणाऱ्याला छळायचं तर नाव तरी शोभेसं हवं! मनोरी १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती आणि गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत चाललं, त्यामुळे या विनोदावर इथल्या माणसाला मोकळं हसू येईलच असं नाही.

छळालाही कायदा असतो. मॅकनट यांनी तो १९६६ साली पुस्तकात बांधला. त्याआधी १९४९ मध्ये ‘अॅफ्रिट’ या नावानं लिहिणाऱ्या रिची यांनी त्याचं सूत्र सांगितलं होतं. वाक्याचा वरवरचा अर्थ खोटा निघाला तरी चालेल. पण शब्दन् शब्द तपासला तर सूचकानं उत्तर सरळपणे सांगितलेलंच निघालं पाहिजे. म्हणून कोडं सुटल्यावर त्याची ‘फोड’ सांगता येणं महत्त्वाचं. फोड येत नसेल तर उत्तर बरोबर असूनही ते निशाणावर बसलेल्या दगडासारखं, नशिबानं लागलेलं.

नशीब आणि अक्कल यांतला हा फरक मुंबईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, तोही शब्दकोड्यावरूनच.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात बक्षिसांच्या शब्दकोड्यांना ऊत आला होता. आर. एम. डी. चमारबागवाला यांची ‘आरएमडीसी’ कंपनी बंगळूरहून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं पत्र काढी आणि त्यातल्या कोड्यांच्या प्रवेशिका तेव्हाच्या मुंबई राज्यातून मोठ्या संख्येनं जात. प्रत्येक प्रवेशिकेला शुल्क. राज्य सरकारनं १९४८ चा लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांचा कायदा १९५२ मध्ये दुरुस्त करून बाहेरच्या राज्यात छापल्या जाणाऱ्या अशा स्पर्धांवरही नियंत्रण आणि कर बसवला. कंपनी कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयात निकाल कंपनीच्या बाजूनं लागला, पण ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. निकालपत्र सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांचं.

त्या कोड्यांचा मासला समजून घ्यायचा तर आपण एक मराठी सूचक बनवू: ‘म्हातारपणी आपल्या माणसाची ही हवीशी वाटते (२).’ पहिल्या घरात ‘सा’ आहे. दुसऱ्यात काय? साथ की साद? दोन्ही बसतात, दोन्ही पटतात. बरोबर कोणतं हे भाषा ठरवत नाही; संयोजकानं आधीच मोहोरबंद करून ठेवलेला कागद ठरवतो. अशी काही घरं एकत्र आली की सोडवणाऱ्याची हुशारी संपते आणि आकडा लावणं सुरू होतं. अशा स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणावर दैवावर अवलंबून आहे आणि जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण मागता येत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात, खऱ्याखुऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्याचे निर्बंध लागू होत नाहीत, हेही स्पष्ट केलं. तो कायदा महिन्याची बक्षिसं १,००० रुपयांवर आणि प्रवेशिका २,००० वर अडवणारा होता. ऑनलाइन रमी आणि फँटसी क्रिकेटच्या खटल्यांत वकील अजूनही चमारबागवालांचं नाव घेतात ते यामुळे.

‘साथ की साद’चंच कूट करून बघा: ‘सात जण, पण शेवटच्याला जरा जास्त श्वास, मग सोबत मिळते (२).’ ‘सात’ घ्या. शेवटच्या ‘त’चा महाप्राण उच्चार ‘थ’. साथ म्हणजे सोबत. आता ‘साद’ला जागाच उरत नाही आणि मोहोरबंद कागदाचीही गरज नाही.

मग मराठी दैनिकांतली बहुतेक कोडी अजून सरळ अर्थावरच का चालतात? एक कारण भाषेच्या बांधणीत आहे. इंग्रजी कोड्याच्या एका घरात २६ पैकी एक अक्षर बसतं. मराठीत घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. आडव्या शब्दातली ‘री’ उभ्या शब्दातल्या ‘री’शीच जुळली पाहिजे, ‘र’ चालत नाही, ‘रि’ तर नाहीच. त्यामुळे चौकटीत काळी घरं वाढतात, शब्द तीन-चार अक्षरांचे राहतात, आणि इंग्रजीत सर्रास चालणारी अक्षरांची उलथापालथ इथे क्वचित साधते. साधते तेव्हा मात्र झकास साधते. ‘कमल विस्कटलं, हाती लेखणी आली (३)’ याचं उत्तर ‘कलम’.

उलट वाचण्याचा नियमही इथे बदलतो. ‘अझेड’ हे नाव डेझा नावाच्या धर्माधिकाऱ्याचं रोमन लिपीत उलट केलेलं रूप. मराठी माणसानं ‘डेझा’ उलटं केलं तर ‘झाडे’ होतात! तेव्हा उलटसुलट करायचं ते अक्षरानं. ‘वेल उलटी फिरवली की ठेका मिळतो (२).’ वेल म्हणजे लता; ल-ता उलट वाचलं की ताल.

मराठीची खरी ताकद शब्द तोडण्यात आणि जोडण्यात आहे. ‘डझनभर ठेचलेले दगड, पाटीवर गिरवायचे (४).’ इथे ‘ठेचलेले दगड’ म्हणजे रस्त्यावर टाकतात ती खडी, डझनभर म्हणजे बारा: बाराखडी. किंवा हे बघा: ‘चौकात रसिकांमध्ये शिंप्याचं हत्यार (३).’ ‘मध्ये’ हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. ‘चौकात रसिकां’ यातली मधली तीन अक्षरं वाचा: का-त-र. उत्तर उघड्यावर पडलेलं असतं आणि नजर चौकातली गर्दी बघत बसते. मोडतोडीचा इशारा देणारे असे शब्द ओळखायला शिकलं की अर्धी लढाई जिंकली: मध्ये, पोटात, लपून म्हणजे शोधा, उलट, माघारी, फिरून म्हणजे पालटा, विस्कटलं, गोंधळलं, दारू प्यायलं म्हणजे ढवळा. गळलं, टाकलं, हरवलं दिसलं की काहीतरी वजा करायचं आहे.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. संस्कृत आणि मराठी पंडितांनी उत्तर श्लोकाच्या पोटातच दडवलेल्या कोड्याला ‘अंतर्लापिका’ आणि बाहेर शोधायच्या कोड्याला ‘बहिर्लापिका’ अशी नावं कधीच देऊन ठेवली आहेत. कृष्णानं कोणाला मारलं असं विचारणारी एक प्रसिद्ध अंतर्लापिका आहे. प्रश्नार्थक ‘कं’ पुढच्या अक्षराला चिकटवला की प्रश्नाचंच उत्तर होतं आणि कंस सापडतो. शाळेत ‘सभंग श्लेष’ म्हणून पाच मार्कांसाठी पाठ केलं ते हेच. बारामतीचे मोरोपंत (१७२९ ते १७९४) तर या खेळातले दादा. त्यांनी निरनिराळे निर्बंध स्वतःवर लादून रामायणं रचली. त्यातलं एक ‘निरोष्ठ रामायण’, ओठ न लावता म्हणायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. म्हणजे रामायण सांगायचं, आणि ‘राम’ म्हणायचं नाही. लंडनच्या कोणत्याही टॉर्किमाडानं याहून कडक नियम घालून घेतला असेल असं वाटत नाही.

पंतांच्या भाषेत रविवारचं कूट कोडं नसावं ही आळसाची गोष्ट आहे, अडचणीची नव्हे. दहा बाय दहाची चौकट सुरुवातीला नकोच. एखाद्या पुरवणीनं कोपऱ्यात दर आठवड्याला चारच सूचकं छापावीत आणि पुढच्या अंकात नुसती उत्तरं न देता फोडही द्यावी. सोडवणाऱ्याला नियम तसेच कळतात. आपण चुकलो कुठे, हे दिसलं की पुढच्या वेळी रचणाऱ्याचा कावा लवकर ओळखू येतो.

तोवर वाचकांसाठी एक, फोड न देता: ‘गाईपाठोपाठ मोहरी, मनोरीच्या शेजारी (३).’ उत्तर डोक्यात येईना तर मार्वेची फेरी पकडा, पलीकडे उतरून रिक्षा करा आणि उत्तनच्या दिशेनं निघा. पहिल्या गावाच्या पाटीवरची अक्षरं मोजा.